कोऱ्या पंचनाम्यांचा गठ्ठा

२ डिसेंबर १९९६
ओझरहून बदली होऊन आज नाशिकच्या या ठाण्यात लेखनिक म्हणून रुजू झालो. खिडकीजवळचं टेबल मिळालं. बाहेर चिंच, थंडीतलं कोवळं ऊन. हवालदार पुंजारामनाना चांदवडचे. घरचे शेंगदाणे सगळ्यांना वाटतात. माझं अक्षर पाहून म्हणाले, "वाल्मीक, लय झकास. मेलेला माणूसबी खुशीनं वाचंल." लिहिणाऱ्याला गणवेश नको, साधे कपडे चालतील, असं साहेब म्हणाले.

५ डिसेंबर
चहावाला धोंडीराम इथला कायमचा पंच. आज कप ठेवले आणि वीस कोऱ्या पंचनाम्यांवर सह्या करून गेला. जागेवर तो कधीच जात नाही. मी विचारलं तर नाना हसले. "मढं काय पंचासाठी थांबतं व्हय?"

९ डिसेंबर, सोमवार
पेठकडचा मजूर बुधा दोन दिवस कोठडीत आहे. मोटारपंपाच्या चोरीचा संशय. अटकेची नोंद नाही.
दुपारी साहेबांनी गठ्ठ्यातला एक पंचनामा लिहायला सांगितला. अनोळखी पुरुष. कालव्यात बुडून मृत्यू. डाव्या दंडावर विंचवाचं गोंदण, अंगात हिरवी बंडी. तारीख नंतर, म्हणाले. जुनं प्रकरण असेल असं वाटलं.
मग बुधाला पाणी द्यायला गेलो. त्याने गजांतून हात पुढे केला. दंडावर विंचू. बंडी हिरवी.

१० डिसेंबर
कालव्यात प्रेत सापडलं. माझ्या कागदावर नानांनी तारीख घातली.

११ डिसेंबर
बुधाची बायको कमळाबाई सकाळपासून पायरीवर. फडक्यात भाकरी. नानांनी तिला सांगितलं, असा कोणी इथं आलाच नाही. ती माझ्याकडे वळली. "तुमी लिवता ना? मंग लिवा."

१३ डिसेंबर
वरिष्ठांकडे तक्रार लिहिली. बुधा कोठडीत जिवंत असताना मी त्याचा पंचनामा लिहिला, हे सगळं. नक्कल कमळाबाईला वाचून दाखवली. ती रडली नाही. कागद कमरेला खोचून पेठच्या गाडीत बसली. भाकरी पायरीवरच राहिली.
मूळ प्रत नियमाप्रमाणे साहेबांमार्फत पाठवायची असते. जावक क्रमांक टाकला, त्यांच्या टेबलावर ठेवली. दहा वर्षांची सवय. बाहेर आल्यावर कळलं, मी काय केलं ते.

१६ डिसेंबर
नानांनी मला शेंगदाणे दिले नाहीत.
गठ्ठ्यातला वरचा कागद भरलेला. खाली धोंडीरामची सही. अनोळखी पुरुष. उंची पाच फूट सहा. उजव्या भुवईवर जुना व्रण. अक्षर माझ्यासारखं. माझं नाही.
व्रण माझा आहे.
'अंगात' या शब्दापुढे जागा मोकळी.

१७ डिसेंबर
रजा नामंजूर. माझ्या खोलीसमोर एक माणूस बसवलाय. स्टँडवरही. सकाळी शर्ट बदलला. पुन्हा बदलला. काय घालावं—

दुपार. ठाणं रिकामं. धोंडीराम चहा ठेवून गेला, वर पाहिलं नाही. बाहेर जीप, इंजिन चालू. कमळाबाईकडे कागद आहे. तेवढं—

नाना टेबलासमोर. हातात तो कागद. माझा शर्ट बघतात. म्हणतात, "आज पांढरा व्हय?"
पेन मागताहेत. दोन शब्दच लिहायचेत, म्हणतात, मग चल. मी अजून—