समोरची फांदी

ती. आई,

मी सून म्हणून आले आणि अंगणात कोयामाकीचं रोप लावलं, तेव्हा तुम्ही केवढ्या भडकलात! "थडग्यावर वाहायचं झाड दारात? मला पोचवायची एवढी घाई?" झाड इतकं हळू वाढलं, की तुमचा राग त्याच्याआधीच संपला. पुढे हिवाळ्यात त्याच्यावरचा बर्फ तुम्हीच झाडूने झटकायचात, मला हात लावू देत नव्हतात. जाताना म्हणालात, "किनुको, माझ्यासाठी मागची फांदी तोड. पुढून झाड बोडकं दिसेल."

उद्या ओबोन. पितर घरी येतील, त्यांत यंदा तुम्ही. आज मी कात्री घेतली आणि पुढचीच फांदी तोडली. सकाळपासून जो तो विचारतोय, "इथली फांदी कुठे गेली हो?" तेवढंच तुमच्याबद्दल बोलायला मिळतं.

तुमची,
न ऐकणारी किनुको