थंडीवर घेतलेला आळ

प्रिय आत्या,

आधी चूक दुरुस्त करते, मग बाकीचं.

गेल्या ऑक्टोबरात तुझ्या पहिल्या पुण्यस्मरणाला मी तुला लिहिलेलं एक पत्र सगळ्यांसमोर वाचलं होतं. त्यात मी म्हटलं होतं की तू गेलीस त्याच आठवड्यात पहिली कडक थंडी पडली, बोटीच्या इंजिनातलं पाणी काढायचं राहून गेलं, ते आतच गोठलं आणि इंजिन फुटलं. 'आत्याबरोबर तिचं इंजिनही गेलं' असं एक वाक्यही मी टाकलं होतं. लोकांनी डोळे पुसले. पुढे ते पत्र मिनेसोटातल्या आपल्या मंडळींच्या छोट्या अंकात छापूनही आलं.

ते खरं नव्हतं. इंजिन फुटलेलं नाही. थंडीचा काहीही दोष नव्हता.

तू म्हणशील, "एवढ्यासाठी पत्र काऊन लिहून राहिली?" पण मला तू ओळखतेस. छापलेली चूक मला झोपू देत नाही. आणि ही चूक लहान नव्हती. तिच्यापायी बाबा वर्षभर स्वतःला दोष देत राहिले आणि बोट विकली जायची वेळ आली. म्हणून हेही पत्र मी त्याच अंकाला देणार आहे, आणि ज्यांनी तुला पाहिलं नव्हतं त्यांना कळावं म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगणार आहे. कंटाळू नकोस.

२००१ च्या वसंतात तू विस्कॉन्सिनमधल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून ती बोट ओढून आणलीस. लांब नाकाची, उथळ, पाठीमागे मोटारीचं भलंमोठं इंजिन बसवलेली. मासे पकडायला निरुपयोगी, सहलीला निरुपयोगी, फक्त वेगाने पळायला बांधलेली. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. आई दारातच थांबून म्हणाली, "ताई, यात उंदीर राहतात." तू म्हणालीस, "राहत होते. आता भाडेकरू बदलले."

आई तुझी भावजय, पण तुझ्यापुढे तीसुद्धा हरायची.

तळाचं लाकूड सगळं कुजलं होतं. दोन हिवाळे तू ते कापून काढत होतीस आणि नवीन बसवून त्यावर फायबरग्लासचं कापड आणि रेझिन चढवत होतीस. रेझिन थंडीत सुकत नाही. बाहेर उणे वीस, म्हणून गॅरेजमध्ये तुझा तेलाचा हीटर दिवसरात्र चालू. आणि मिनेसोटाच्या जानेवारीत इडलीचं पीठही फुगत नाही! आईने एकदा पातेलं गुपचूप तुझ्या हीटरजवळ नेऊन ठेवलं. पीठ सुंदर फुगलं. इडल्यांना मात्र असा वास आला की बाबांनी पहिला घास घेऊन विचारलं, "ही खायची, की बोटीला लावायची?" तू चार खाल्ल्यास. कशा खाल्ल्यास गं?

मला तर त्या गॅरेजने शिकवलं. आपण नागपूरहून आलो तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि इथल्या शाळेत मी तोंडच उघडत नव्हते. शेवटी बाबांनी मला घरी ठेवलं. ते कामावर, आई कॉलेजात, तुझी पंपांच्या कारखान्यात दुपारची शिफ्ट, म्हणून सकाळी माझी शाळा म्हणजे तू. तेव्हा बोट नव्हती, आपली जुनी गाडी होती. अपूर्णांक तू पान्यांवर शिकवलेस. इथले पाने इंचांचे, त्यांच्यावर अपूर्णांकच कोरलेले. तू गाडीखालून हात बाहेर काढून म्हणायचीस, "अर्ध्याहून थोडा मोठा दे." मी नऊ-सोळांशाचा द्यायची. चुकीचा दिला तर तू रागवायची नाहीस, नुसता परत द्यायचीस. दोन वर्षांनी शाळेत गेले तर गणिताच्या बाईंना कळेना की हिला सोळांश येतात आणि सोपे तृतीयांश का येत नाहीत. तृतीयांशाचा पाना नसतो ना!

त्या शिकवणीची एक खोड मात्र माझ्यात राहिली. प्रत्येक नट मी तीनदा तपासते. गॅसही तपासते. दार लावलं की नाही बघायला मी परत येते. तू हे चालवून घ्यायचीस. "तपास," म्हणायचीस, "पण तपासून झाल्यावर चावी फिरव." पुष्कळदा मी तपासण्यापाशीच थांबले, हे तुलाही ठाऊक होतं.

बोटीला तू संत्र्याचा रंग दिलास. नागपूरची म्हणून. इथल्या लोकांना तो शिकारीच्या जाकिटाचा रंग वाटला. शेजारचा फिल तुला विचारायचा, पाण्यात हरणं मारणार आहेस का?

आणि त्या मेमधल्या फेऱ्या! तळ्यावरचा बर्फ वितळून फार दिवस झालेले नसायचे, काठाला झाडांच्या सावलीत अजून मळकट ढीग असायचे, आणि आपण दोघी बर्फातल्या विजारी, कानटोप्या आणि वरून लाइफ जॅकेट घालून बोटीत. लोक उन्हाळ्याची वाट बघायचे, तू बघायची नाहीस. थंड हवा घट्ट असते, इंजिनाला प्रत्येक घोटात जास्त मिळते, जुलैत याच इंजिनाचा जीव अर्धा होतो, असं तू मला समजावायचीस. तू थ्रॉटलचा, म्हणजे वेगाचा, दांडा पुढे ढकललास की बोटीचं नाक वर उठायचं, मग खाली बसायचं, आणि मग पाणी पाणी राहायचंच नाही, डांबरी रस्ता व्हायचं. डोळ्यांतून धारा. नागपूरच्या बेचाळीस डिग्रीत वाढलेली बाई, आणि तिला सुख कुठे मिळालं बघ!

२००५ मध्ये तू पहिल्यांदा माझा हात थ्रॉटलवर ठेवलास. अर्ध्यापर्यंत मी बरी होते. मग समोरून वाऱ्याची एक झुळूक आली, नाक जरा हललं, आणि मी घाबरून थ्रॉटल एकदम मागे ओढला. बोट थबकली, आणि आपणच उठवलेली लाट मागून येऊन आपल्या अंगावर कोसळली. बर्फाचं पाणी, मानेतून आत! मी रडायला लागले. तू ओठ निळे पडेपर्यंत हसत होतीस. "वेग नाही बुडवत गं," म्हणालीस, "असं एकदम सोडून देणं बुडवतं." त्यानंतर तू अनेकदा बोलावलंस, पण अर्ध्याच्या पुढे मी कधी गेले नाही.

२००६ च्या ऑक्टोबरात तू शिफ्टवरच गेलीस. हृदय. त्याबद्दल मी गेल्या पत्रात भरपूर लिहिलं, आणि तेवढं खरं होतं.

बोट गॅरेजमध्ये होती. दरवर्षी थंडी पडायच्या आत तू इंजिन गार ठेवणारं आतलं पाणी काढायचीस. त्या वर्षी घर माणसांनी भरलेलं होतं, बुद्धवंदना चालू होती, कुणाला बोट आठवणार? आठवड्याने बाबांना आठवली. तोवर एक रात्र कडक गेली होती. फिलने येऊन पाणी काढलं आणि मान हलवली. वसंतात इंजिनातलं तेल बघितलं तर दुधाच्या कॉफीसारखं. तेलात पाणी. फिल म्हणाला, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागालाच, चीर गेली, संपलं. असं त्याने शंभर वेळा पाहिलं होतं. आम्ही मानलं. बाबा नंतर आईला एवढंच म्हणाले की ताईची एक गोष्ट सांभाळायची होती, तीही जमली नाही. त्यानंतर गॅरेजमध्ये जाताना ते बोटीकडे पाठ करून जायचे. मीही तुला लिहिलेल्या पत्रात तेच घातलं, आणि बाबा ते पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मला तेव्हा कळलं कसं नाही?

त्यानंतर, गेल्या नोव्हेंबरात, डुलुथ गावचा एक माणूस फोन करू लागला. त्याला बोटीचा सांगाडा हवा होता, इंजिन मेलेलं असलं तरी चालणार होतं. बाबा हो म्हणायच्या बेतात होते. जेवताना मी म्हटलं, निदान इंजिन उघडून बघू. बाबा म्हणाले, फुटलेल्यात काय बघायचं?

तेव्हा आई, आमटी वाढता वाढता, म्हणाली, "कुकरमधून वाफ गेली तर आपण आधी रिंग बघतो. कुकर फुटला असं कोण म्हणतं?"

आत्या, तुझ्या भावजयीने आयुष्यात कधी बोनेट उघडलेलं नाही!

त्या शनिवारी मी फिलला बोलावलं. पाण्याचे सगळे मार्ग बंद करून आम्ही आत हवा भरली, आणि आईने भांड्यांच्या साबणाचा फेस ब्रशने सगळीकडे लावला. चीर असती तर तिथे फुगे आले असते. ब्लॉक कोरडा, गप्प. फुगे आले ते वर, जिथे मॅनिफोल्ड, हवा आत नेणारा वरचा भाग, ब्लॉकवर बसतो तिथल्या सांध्यातून. फिल स्वतःच म्हणाला, आपण घाई केली.

मॅनिफोल्ड उचलला. खाली काय निघालं सांगू? जुनं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली, कुकरच्या रिंगेसारखीच, गळती थांबवणारी पट्टी. तेच. दाबून दाबून कागदासारखं झालेलं, आणि त्यावर तू बोटभर सीलंट फासलेलं!

आत्या, २००६ च्या उन्हाळ्यात कार्बोरेटरचं काम करताना तू मॅनिफोल्ड उघडला होतास, हे मला आठवतं. नवीन गॅस्केट आणलं होतंस, हेही आठवतं. ते आम्हाला तुझ्या ड्रॉवरमध्ये सापडलं. पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. जुनं अजून चालेल, नवं पुढच्या वेळेला, असंच ना? तू स्वतः इंजिनिअर! गॅस्केट एकदा उघडलं की टाकून द्यायचं, हे तूच मला शिकवलंस. पण दह्याचे डबे धुऊन ठेवणारी, फॉइल इस्त्री केल्यासारखं सरळ करून परत वापरणारी बाई सात इंचांचं चांगलं दिसणारं गॅस्केट कचऱ्यात कशी टाकणार? आम्ही मात्र मिनेसोटाच्या थंडीवर आळ घेतला, तोही छापील.

मी बाबांना बोलावलं. ते आले, वाकून पाहिलं, बोटाने सीलंट दाबून पाहिलं. मग पायरीवर बसले आणि हसायला लागले. "ताईने माझी पाचवीची कंपासपेटी अमेरिकेत आणली होती," म्हणाले, "बिजागरीला तार बांधून." हसता हसता त्यांचा आवाज गेला. मी आत जाऊन चहा ठेवला, त्यांना जरा एकटं बसता यावं म्हणून. परत आले तर ते एका हातात ते जुनं गॅस्केट धरून, दुसऱ्या हाताने बोटीवरची धूळ पुसत होते.

तेव्हापासून अख्खा हिवाळा आम्ही इंजिनात होतो. तेलात पाणी मिसळलेलं, म्हणून बेअरिंग बदलली, आतून सगळं धुतलं. तुझं ते नवीन गॅस्केट बसवलं. एकदाची त्याची 'पुढची वेळ' आली. एप्रिलमध्ये, बाहेर बर्फ पडत असताना, गॅरेजचं दार उघडून, बागेच्या नळीने पाणी देऊन मी चावी फिरवली. दोनदा खोकलं, आणि मग आवाज असा उठला की फिल हातात बर्फाचं फावडं घेऊन धावत आला. आईने कानांवर हात ठेवले आणि इतकी हसत होती की तिला बोलता येईना.

मग बाबांनी खरा प्रश्न विचारला. डुलुथचा माणूस आता चालू इंजिनासकट घ्यायला तयार आहे. "ठेवायची म्हणतेस, तर चालवणार कोण? अर्ध्या थ्रॉटलवर फिरवायला ही बोट नाही. तशी फिरवायची असेल तर ज्याला चालवता येते त्याला देऊ." हे बोलताना ते रागावलेले नव्हते, म्हणून जास्त लागलं. बोट बांधलीच वेगासाठी. नुसती झाकून ठेवून तिचं देवघर करायचं आपल्या घरात शोभणार नाही, हेही ते म्हणाले. तू असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस.

मी त्यांच्याकडून मेअखेरपर्यंत मुदत मागितली. गेले दोन रविवार फिलबरोबर तळ्यावर जाऊन आले. पहिल्या दिवशी अर्ध्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी अर्ध्याच्या जरा पुढे. नाक उठलं, पण हात मागे ओढला नाही, हळूहळू कमी केला. पुरता उघडलेला नाही अजून. खोटं कशाला सांगू, भीती आहे तेवढीच आहे.

काल बाबा म्हणाले, फिलला सुट्टी दे, थ्रॉटल पुरता उघडशील त्या दिवशी शेजारी मी बसेन. ते तुझ्याबरोबर एकदाही बसले नव्हते, पोहता येत नाही म्हणून. मी म्हटलं, बाबा, पाणी बर्फासारखं असेल. ते म्हणाले, "मग पडू नकोस." त्यांनी स्वतःसाठी लाइफ जॅकेट आणलंय, आणि ते घालून टीव्ही बघत बसले होते.

तर आत्या, तुला शब्द देते. काठापासून दूर, मोकळ्या पाण्यात, मी थ्रॉटल पूर्ण पुढे नेईन आणि पलीकडचा काठ येईपर्यंत तिथेच ठेवेन. मग घरी येऊन डुलुथला फोन करून नाही म्हणून सांगेन, मी स्वतः. या शनिवारी, २४ मे २००८ ला, सकाळी, तळ्यावर वारा उठायच्या आत.

जय भीम.

तुझी,
प्रज्ञा