जागा उरली तर

सोमवार, ४ मे

उतरवलं! सख्ख्या आईला, माझ्याच विमानाच्या यादीतून, माझ्याच सहीनं!

बाहेर त्रेचाळीस अंश. त्यात धावपट्टीचा पलीकडचा तुकडा दुरुस्तीसाठी उकरून ठेवलाय. हवा तापली की विरळ होते, पंखांना धरायला काही मिळत नाही, आणि धावायला पट्टी अपुरी. म्हणजे वजन कमी करा. वजन कमी करायचं तर आधी कोण? स्टाफच्या फुकट तिकिटावरचे घरचे लोक. जागा उरली तर बसा, नाहीतर घरी जा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आया खाली ठेवल्या, तेव्हा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटायचा.

वजनाचा हिशेब करणारा आमचा तराजू (खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं की नाही कोण जाणे) कागद घेऊन कॉकपिटच्या दारात उभा. "कॅप्टन, एक स्टाफ तिकीट खाली ठेवतोय. सही." केली. मग गालातली गोळी इकडून तिकडे फिरवत म्हणतो, "तुमच्या आई फार चांगल्या आहेत हो. मला खोकल्यावर गोळी दिली."

तिकडे उतरलो, फोन चालू केला, तर पहिलाच ताईचा. ती बाहेर गाडी घेऊन उभी. "खोली रंगवली, पलंग आणला, आणि आई कुठाय?" म्हटलं, वजन. म्हणाली, "पंचेचाळीस किलोची म्हातारी तुझ्या विमानाला जड झाली?"

आपलेच दात, आपलेच ओठ. वर सकाळी आईची बॅग गाडीत टाकताना कमरेत उसण भरली ती वेगळीच. दगड भरलेत की काय तिनं!

मंगळवार, ५ मे

सुट्टी. कमरेला शेक.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे मलाच पटेल. थंडीत आई बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण दुपारभर तिथंच बसून होती. मी हवेत, ही तिच्या दवाखान्यात लोकांचे दात उपटत. आमचं घर चौथ्या मजल्यावर, दिवसभर कुणी नाही. ताईचं तळमजल्यावर, ती दिवसभर घरात. कुणाही शहाण्या माणसाला विचारा! ताई, मी आणि ही — तिघांनी फोनवर ठरवलं. आई ताईकडे राहायला जाणार, कायमची. आईला सांगितलं. तिनं "बरं" म्हटलं.

एवढी साधी गोष्ट. आणि अडली कुठे, तर धावपट्टीच्या एका तुकड्यात. बसनं पाठवायची सोय नाही. सगळा रस्ता वळणांचा, आणि आईला बस लागते.

गुरुवार, ७ मे

चार उड्डाणं. कॉफीचं यंत्र बंद. जमिनीवर असताना गार हवा देणारं यंत्र बंद — ते आठवडाभर "उद्या होईल". केबिनची भट्टी झालेली. एक गृहस्थ माझ्यावर तावातावानं, "इतक्या सीटा रिकाम्या दिसतायत, आणि माझी बॅग मागे ठेवता?" विमानाला सीटा दिसत नाहीत हो, वजन कळतं! हे बोललो नाही. हसलो. अर्धा पगार त्या हसण्याचाच आहे.

आई आजही खाली. आज तर दोष सरळ माझ्याकडे येतो. तिकडे वादळाचा अंदाज होता, म्हणून मी जास्तीचं इंधन घेतलं. म्हणजे आणखी वजन. माझा जोडीदार पायलट, ज्याला आम्ही 'हो-सर' म्हणतो, कारण तो दुसरं काही बोलतच नाही, आज पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, "सर, इंधन थोडं कमी घेतलं तर आजी बसतील." बोलला तेही नको ते! म्हटलं, तुझी आजी असती तरी नसतं घेतलं कमी.

पोचलो तर आभाळ लख्ख. ढगाचा ठिपका नाही. उद्या तोच अंदाज आला तर मी तेवढंच इंधन घेईन, पण आज दिवसभर स्वतःलाच शिव्या देत होतो.

घरी आलो तर चहा उकळत होता. आमचं घर उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली येतं. आईचं म्हणणं, तिला माझं विमान आवाजावरून कळतं. काही कळत नाही, सगळ्या पंखेवाल्या विमानांचा आवाज एकच. पण मी जोडे काढतो तेव्हा चहा कपात असतो, हे खरं. "बरं केलंस हो, जास्तीचं घेतलंस ते," म्हणाली. चांगली आनंदात होती.

शनिवार, ९ मे

आजही नाही. ताईचा फोन उचलला नाही.

सोमवार, ११ मे

म्हटलं, बस झालं. आई, सरळ पैसे भरून तिकीट काढतो. पैसे भरलेल्या माणसाला तराजूसुद्धा सहजी हात लावत नाही.

"पोटच्या पोराच्या विमानात तिकीट काढून बसू? लोक काय म्हणतील?"

मग सकाळच्या गार विमानानं जा. कॅप्टन दुसरा आहे, माझ्यापेक्षा जुना.

"परक्या माणसाच्या विमानात मी नाही बसायची."

डोकं आपटायला भिंत शोधत होतो. त्यात रोस्टरवाल्यानं बुधवारची सुट्टी खाल्ली. दुष्काळात तेरावा महिना. फोनवर कसा गोड बोलतो — "कॅप्टन, तुमच्याशिवाय कोण आहे मला?" त्याला माझ्याशिवाय कोणी नाही, आणि माझ्या घरच्यांना मी नाही!

बुधवार, १३ मे

आज जागा होती! आभाळ भरलेलं, हवा जरा निवलेली. तराजू स्वतः धावत आला, "एक माणूस बसतो, कॅप्टन!" मी लगेच ताईला कळवलं — निघाली. वर गेल्यावर केबिनमधल्या मुलीला विचारलं, आई कुठल्या रांगेत बसलीय? ती म्हणाली, "कुणाची आई, सर?"

ताईनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

परत आल्यावर काउंटरवरच्या पोरीला चारचौघांत झापलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मी नाव पुकारलं, दोनदा पुकारलं. आजींनीच मागच्या बाईला पुढे केलं. म्हणाल्या, हिला नोकरीवर रुजू व्हायचंय, मला कुठे घाई आहे?" ती बाईही आमच्यातल्याच कुणाची बहीण, स्टाफ तिकिटावरची. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. माफी मागितली. पोरगी चांगली आहे, वर हसून म्हणाली, "आजींची बॅग मात्र दर खेपेला बारीक होतेय हं, सर."

घरी विचारलं. "अरे, रडकुंडीला आली होती बिचारी," आई म्हणाली. आणि बॅगेचं काय? "तुलाच वजनाची अडचण ना? म्हणून काढले थोडे कपडे." मला एकदम भरून आलं, आणि तितकाच रागही. अगं, चार-सहा किलोनं काय होणार आहे!

"थेंबे थेंबे तळे साचे," म्हणाली, आणि माझ्यापुढे चहा ठेवला. या बाईचा परोपकार मला एक दिवस वेड लावणार.

शुक्रवार, १५ मे

नाव पुकारलं तेव्हा आई बाथरूमला गेली होती. सापडेपर्यंत दार लागलं.

रविवार, १७ मे

जेवताना तेच रडगाणं लावलं. ऊन, पट्टी, तराजू, आईचं नशीब. आई आत झोपलेली. हिनं भांडी आवरता आवरता विचारलं, "त्यांना जायचंय का?"

म्हटलं, हा काय प्रश्न? बरं म्हणाली ना!

"त्या तुम्हाला कशाला नाही म्हणाल्यात आजवर?"

मला झोंबलं. त्या दिवशी फोनवर तूही होतीस की!

"होते ना. तेच खातंय मला."

मी विषय बदलला. म्हटलं, शनिवारी पट्टी पूर्ण सुरू होतेय, मग ही कटकट आपोआप संपेल. हिनं ताटं जरा जोरात ठेवली.

बुधवार, २० मे

आज आई पुन्हा खाली, आणि बॅग काउंटरमागे ठेवून टॅक्सीनं घरी. संध्याकाळी मी ती उचलायला गेलो. कमरेच्या भीतीनं आधीच दम धरला, गुडघे वाकवले, जोर लावला — आणि तोल जाऊन मागे आलो! बॅगेत काही नव्हतंच. उगाच जोर लावला होता.

काउंटरच्या पोरीनं पाहिलं. नको तिथं बघते. पण हसली नाही.

घरी आईसमोर उघडली. एक टॉवेल, औषधांची डबी आणि जुनी चादर. बस.

"आई, कपडे कुठायत?"

"कपाटात."

"तिकडे जाऊन घालणार काय मग?"

"पोचले तर बघू," म्हणाली, आणि चादरीची घडी मोडून पुन्हा नीट घालत बसली.

इतके दिवस ताकास तूर लागू दिली नाही हिनं! तिकीट फुकटच हवं, कारण फुकटवालाच खाली राहतो. विमान माझंच हवं, कारण माझंच भर उन्हाचं असतं. आणि मी गाढव, तिच्या वतीनं उन्हाशी भांडतोय. आधी भयंकर राग आला. फसवलं म्हणून. मग तो राग तिच्यावर टिकेना. साधं "मला नाही जायचं" एवढं म्हणायची सोय आम्ही तिला ठेवली नव्हती.

तरी मूग गिळून बसलो. काय बोलणार? राहा म्हणायचं, आणि उद्या पुन्हा घसरली तर?

शुक्रवार, २२ मे

ताईचा फोन. उद्या पट्टी पूर्ण, आता बहाणा चालणार नाही म्हणाली. आईसाठी आरामखुर्ची आणलीय. तिचंही काय चुकतं? ती मनापासून वाट बघतेय. तिला सांगायला तोंड उघडलं आणि "हो, उद्या नक्की" असं बाहेर पडलं. मोठा कॅप्टन म्हणे!

ही म्हणते, ती सकाळी घरी थांबेल, दवाखाना दुपारनंतरचा करेल. दुपारी एक बाई ठेवू. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवू, ते आधीच बसवायला हवे होते. मी म्हटलं, बघू. माझं बघू म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

जेवताना मीच मूर्खासारखा बोलून गेलो, धावपट्टी झाली एकदाची. आईचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "चांगलं झालं. लोकांचे हाल थांबतील."

आता ती आत कपाटातून कपडे काढून बॅगेत भरतेय. सगळे. दार अर्धवट उघडं आहे, मला दिसतंय. मदतीला जायला हवं, पण मी इथं लिहीत बसलोय.

शनिवार, २३ मे

पूर्ण पट्टी. वारा समोरून. अर्धं विमान रिकामं. तराजू म्हणाला, "आज अख्खं गाव बसवा, कॅप्टन." आई चौथ्या रांगेत खिडकीशी, पट्टा बांधून, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. माझ्या विमानात पहिल्यांदाच.

दार लागायच्या आधी मी मागे गेलो आणि तिला उतरवलं.

केबिनमधल्या मुलीनं विचारलं, कारण काय लिहू? म्हटलं, कॅप्टनचा निर्णय. ताईला तिकडे पोचल्यावर समोर उभं राहून सांगितलं. ती भडकली, मग रडली. पुढच्या आठवड्यात इकडे येतेय, तिच्याशी बरंच बोलायचं आहे.

आई मात्र एरवी कुरकुरणाऱ्या गुडघ्यांची आठवणही न काढता विमानाचा जिना उतरून गेली. मागे वळून बघितलं नाही. न जाणो, मी परत हाक मारली तर!