'न्हाय'चं 'नाही'

अण्णा,

तू पुण्याहून पाठवलेलं माझ्या कवितांचं पुस्तक आज बेळगावच्या वडगावात, घरी पोचलं. छापायला देण्याआधी नुसतं नजरेखालून घाल, एवढंच म्हटलं होतं. तू प्रत्येक 'न्हाय'चं 'नाही' केलंस, 'लई'चं 'फार' केलंस. वर चिठ्ठी, "मंजू, लोक हसले असते."

कोण हसलं असतं रं? चॅनेलवर रोज बातम्या देताना मी तुमचंच 'नाही' बोलते. ती नोकरी हाय. कविता माझी होती. बेळगावात मराठी पाटीसाठी भांडणाऱ्यांच्या तोंडापुढं मी माइक धरते, आणि माझ्या पुस्तकातली मराठी माझ्याच सख्ख्या भावानं पुसली!

आई हातमागावर बसली होती. तिच्यावरची कविता वाचून दाखवली. त्यात ती तिच्याच बोलीत बोलायची, तू हात लावण्याआधी. तिनं माग थांबवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं हाय गं. पर ही कुणाची आई?"

हे पत्र तुला धाडणार न्हाय. तू हेबी सुधारशील.

तुझी न्हाय,
मंजुश्री