गोळ्यांचा ताळा

ता. ३, सोमवार. सकाळी ७
बायकोची दुसरी केमो परवा झाली. नर्सबाईंनी मला पत्रक दिलं : 'रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी मनावरचा ताण कसा हलका करावा'. मला ताण नाही. एकवीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळतोय, एक वॉशर हरवलेला नाही. औषधांचा डबा डुगडुगत होता. पत्रक त्याच्याखाली घातलं.
माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्याही त्याच डब्यात. सगळं एका जागी.
संकल्प : औषधांचं रजिस्टर. रोज दीर्घ श्वसन.

ता. ५, बुधवार
उलटी थांबवणाऱ्या गोळ्या दोन कमी. श्वसन उद्यापासून.

ता. ६, गुरुवार
तीन कमी. घरात आम्ही दोघं आणि मदतीला आलेली मेहुणी. बायकोला विचारलं, ती भिंतीकडे वळली. मेहुणी म्हणाली, भाऊजी, जरा झोपा. मला झोपवण्यात हिचा काय फायदा?

ता. ८, शनिवार
ताळा बरोबर. हेच संशयास्पद.

ता. ९, रविवार. दुपारी
मेहुणीचा हात डब्यात पाहिला. म्हणे फडकं मारतेय. आत?

ता. १०, सोमवार
सहाला माझी गोळी घेतली, डब्याला कुलूप लावलं. नऊला बायकोला गोळी हवी, किल्ली सापडेना. साडेनऊला उलटी. पुन्हा उलटी. पाणीही टिकेना. शेवटी मेहुणीने स्क्रूड्रायव्हरने कडी उचकटली. स्क्रूड्रायव्हर कुठे असतो हे तिला कसं माहीत? किल्ली माझ्याच खिशात निघाली. कुणी ठेवली?
श्वसन राहिलं.

ता. १४, शुक्रवार
तपासणीला गेलो. नर्सबाईंनी उगाच माझंही ब्लडप्रेशर घेतलं. एकशे ऐंशी. गोळी घेता ना? घेतो तर. सकाळी सहाला, न चुकता, पांढरी.
घरी येऊन डबा उघडला. माझ्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं. एकही फोडलेली नाही.
बारा दिवस मला जराही मळमळलं नाही, हे खरं.
मेहुणी म्हणाली, कमी पडायच्या तेवढ्या मी आणून टाकत होते, ताईनेच सांगितलं होतं. बायकोला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, अहो, रोज सहाला माझी गोळी घेताना दिसायचात, मला वाटलं, माझं बघून तुम्हालाही मळमळतंय, आणि सांगायला लाजताय.
रजिस्टर मेहुणीकडे दिलं. पत्रक बाहेर काढलं. पहिलंच कलम : स्वतःची औषधं चुकवू नका.
डबा डुगडुगतोय.