ढब्ब्या ‘चल’ची वाट बघत होता

भाऊराया,

मैदानातल्या चार टवाळांच्या टाळ्या, एवढाच काय तो तुझा फायदा होता. त्यासाठी ढब्ब्याची साखळी सोडलीस. तीन महिने शिकवलंस त्याला, ‘थांब’ म्हटलं की पळता पळता जागीच बसायचं आणि तू ‘चल’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. तू ओरडलास, तो बसला. मैदानासमोरच्या भर रस्त्यात.

त्याला चुकवताना पोस्टमनकाका स्कूटरवरून पडले. लोकांनी विचारलं, “कुत्रा कुणाचा?” आणि तू म्हणालास, “मला काय माहीत!” ‘चल’ म्हटलं असतंस तर मालक ठरला असतास ना! भाजीवाल्या मावशींनी सांगितलं सगळं. टेम्पो अंगावर येईस्तोवर तो तुझ्याच तोंडाकडे बघत होता म्हणे.

शी! किळस आली तुझी.

त्याची फाईल न्यायला घरी आले, तर तू घोरतोयस. जेवण झाकून ठेवलंय. गिळ आणि जनावरांच्या दवाखान्यात ये. ऑपरेशनआधी त्याला एकदा ‘चल’ म्हण.

काकांचा गुडघा फुटला, ढब्ब्याचा पाय जाणार. तुझे बूट दारात बघितले, साधा ओरखडाही नाही त्यांना.

ताई