टावर, गोळी आणि तुझा फोटो

प्रिय कुंदाताई,

तू गेल्यापासून नुसती रडले. आज राग आलाय, म्हणून लिहायला बसले. सकाळी तुझ्या सासरहून, एकोडीहून, भाऊजींचा फोन आला. "तुया ताईचा एक चांगला फोटो पाठवजो. मोबाईल टावरविरुद्धच्या मोर्चाच्या बॅनरवर टाकाचा आहे. 'टावरचा बळी' असं लिहून राहिलो."

बळी! बीपी वाढून मेंदूतली नस फुटली, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं तेव्हा भाऊजी माझ्या शेजारीच उभे होते ना?

बीपीच्या गोळ्या का सोडल्यास गं? विचारलं की म्हणायचीस, "टावर डोकं खाऊन राहिला माझं, तं गोळ्या कायले गिळू?" वर मलाच टोमणा, "नाकाडोंगरीले माहेरी आली का डोकं थंडगार! आपल्या घराजवळ टावर नाही ना. अजून काय पुरावा पाहिजे तुले, मास्तरीणबाई?"

हा पुरावा? अगं, माहेरी तुला भात रोवण्याचा चिखल नव्हता, पोटभर झोप होती. आणि आई रोज चहाआधी गोळी तुझ्या तळहातावर ठेवायची. तिचं मन राखायला तू ती घ्यायचीस. बरं वाटलं ते बहुतेक त्यानं. श्रेय मिळालं टावर नसण्याला!

शास्त्रज्ञ काय म्हणतात? टावरच्या लहरींनी माणूस आजारी पडतो असा ठोस पुरावा मिळालेला नाही, तरी अभ्यास चालू ठेवू. टावर कंपनीचा माणूस वाक्याचा पुढचा भाग गिळून "काहीच होत नाही" म्हणत हसला. तुझ्या दिरानं आधीचा भाग गिळला आणि मोबाईलवरून गावभर भीती पसरवली. पूर्ण वाक्य तुझ्यापर्यंत आलंच नाही. मोर्चा काढा, कंपनीला खुशाल प्रश्न विचारा. पण माझ्या बहिणीच्या मरणाचं कारण कशाला बदलता?

फोटो देणार नाही म्हटलं, तर भाऊजी भडकले. "कंपनीकडून बोलून राहिली का तू? शेजारच्या अनुसयाकाकूलेबी बीपी आहे, तिचंबी डोकं दुखते. तिनंबी गोळ्या बंद केल्या. टावर हटला का होईल बरी!"

तुझ्यावरून कुणीच काही शिकलं नाही, ताई?

उद्या पहिल्या बसनं एकोडीला निघते. काकूंना सरकारी दवाखान्यात नेऊन बीपी मोजायला लावीन. त्या तुझ्यासारखाच हट्ट करतील, शिव्याही घालतील. घालू देत! टावर राहो नाहीतर जावो, डॉक्टर सांगतील ती गोळी त्यांनी घेतल्याशिवाय मी त्यांच्या ओसरीवरून उठणार नाही. हा माझा तुला शब्द.

तुझ्यावर अजून रागावलेली,
मीनू